आवाज तेवढा पोहोचवा

आमच्या कपाटातल्या टेपांना बुरशी लागते आहे, हे मला बायकोने फोनवरून सांगितलं. ती तेव्हा लेकीकडे, म्हणजे इथून रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब. मी कपाटाच्या शेजारी, खुर्चीत. तरी बुरशी तिलाच दिसली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर अशा गोष्टींचं आश्चर्य वाटेनासं होतं.

"अहो, वरच्या खणात कॅमेऱ्याच्या टेपा आहेत. अशाने माती होईल सगळ्यांची. त्यांच्या डीव्हीडी करा आणि इकडे पाठवून द्या. ही बया दिवसभर कार्टून बघते. निदान आपली माणसं तरी दिसतील तिला."

ही बया म्हणजे आमची नात. ती झाली तेव्हा बायको 'दोन-चार महिने' म्हणून लेकीकडे गेली. बया आता जिना चढते, दाराची कडी आतून लावून घेते आणि मग भोकाड पसरते. बायको अजून त्याच दोन-चार महिन्यांत आहे. लेक-जावई दोघंही नोकरीवाले आणि पाळणाघर बायकोला पटत नाही. माझी निवृत्ती लांब. आमच्या नकाशा विभागात रजा मागितली की साहेब आधी खिडकीबाहेर बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि मग म्हणतात, "आत्ताच?" हे 'आत्ताच' वर्षभर चालू असतं. तर सांगायचा मुद्दा, घरात मी एकटा.

एकट्या माणसाचं घर फार शहाण्यासारखं वागतं. सकाळी ठेवलेली वस्तू संध्याकाळी तिथेच सापडते. वर्तमानपत्राची घडी मोडलेली नसते. साबण महिनोन् महिने पुरतो. या सगळ्या गोष्टींसाठी मी पूर्वी घरात तावातावाने भांडलेलो आहे. आता त्या आयत्या मिळाल्या, तर कुलूप उघडताना मला आत जायचा कंटाळा येतो. कधीकधी मी दारात उभं राहून जिन्यातला दिवा नीट लागतो का, तेही तपासून घेतो. बायकोचा फोन रोज येतो. "जेवलात का?" "हो." "काय केलंत?" "भात." "परत भात?" तेवढ्यात तिकडे बया काहीतरी सांडते आणि बायको "ठेवते हं" म्हणते. त्यामुळे टेपांचं काम अंगावर पडलं तेव्हा मी कुरकुर केली खरी, पण आतून बरं वाटलं. संध्याकाळी घरी यायला माणसाला काहीतरी कारण लागतं.

खरं म्हणजे टेपा दुकानात द्यायच्या आणि डीव्हीडी घेऊन यायचं, एवढंच काम होतं. पण मध्ये तज्ज्ञ आले. आमच्या समोरच्या दारात राहणारे हे गृहस्थ विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि त्या दिवसापासून जगातल्या उरलेल्या सर्व विषयांचे जाणकार झाले. इमारतीत त्यांना नावाने कोणी ओळखत नाही. तज्ज्ञ कुठे राहतात विचारलं की लहान पोरंसुद्धा बरोबर दार दाखवतात. त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि माझ्या हातातली पिशवी स्वतः उघडून पाहिली.

"बाहेर देताय? खुशाल द्या. पण घरातल्या माणसांचं शूटिंग कुणाकुणाच्या हाती जाईल, याचा नेम नाही हं."

आमच्या मेहुण्याने फ्रिज उचलल्याचं शूटिंग बघायला कोण टपून बसलं असेल, ते मला सुचेना. पण 'नेम नाही' हे शब्द त्यांनी अशा काही आवाजात उच्चारले, की मी पिशवी छातीशी धरून उलट्या पावली वर आलो. घरच्या घरी डीव्हीडी करायचं ठरलं.

त्यासाठी एक केबल आणली. ती केबल लावायला संगणकात एक कार्ड बसवलं. ते कार्ड चालावं म्हणून मेमरी वाढवली. मेमरी वाढल्यावर संगणक तापायला लागला, म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून ठेवला. त्यानंतर बरेच दिवस संगणक गारेगार आणि मी घामाघूम अशी आमची बैठक चाले. टेप लावायची आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहायचं. टेप जेवढी लांब, तेवढाच वेळ लागतो, त्यात घाई करता येत नाही. मला कुठे घाई होती!

लेक सायकल शिकली ती टेप. समुद्रावर गेलो ती टेप. ती शाळेच्या नाटकात झाड झाली होती, आणि मुख्य भाषण चालू असताना तिने फांदीने नाक खाजवलं, ती टेप. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा मेहुण्याने फ्रिज जिन्यातून वर चढवला, ती सर्वांत लांब टेप. आमचा दिवाणखाना त्या आवाजांनी भरून जायचा. टेप संपली की एकदम इतकी शांतता व्हायची, की मी घाईघाईने दुसरी लावायचो.

शेवटी डिस्क बनवायची वेळ आली, तेव्हा संगणकाने मला विचारलं, आवाज कसा ठेवू? तीन पर्याय होते. पहिला, आहे तसा, अजिबात न दाबता. दुसरा, एमपेग पद्धतीने दाबून. तिसरा, एसी-थ्री नावाच्या पद्धतीने दाबून. त्यात म्हणे आवाज मूळच्या जेमतेम आठव्या हिश्श्यात बसतो. खाली बारीक अक्षरांत खुलासा होता: दाबताना कानाला जे जाणवत नाही, तेवढंच काढून टाकलं जातं.

हे वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. ऑफिसात बैठकीला मी तोंड उघडलं की साहेब "चहा सांगा" म्हणतात, ते मी सहन करतो, कारण ते ऑफिस आहे. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या संगणकाने मला विचारावं, की तुमचा आवाज किती दाबू? मी 'आहे तसा'वर बोट ठेवलं. तज्ज्ञांनीही मान डोलावली. "शुद्ध ते शुद्ध," ते म्हणाले.

डिस्क तयार झाली. माझ्या प्लेअरवर ती अशी वाजली, की सायकलची घंटा ऐकून मी दाराकडे वळून पाहिलं. मी ती कापसात गुंडाळली, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातली आणि पोस्टात गेलो.

"आत काय आहे?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"डीव्हीडी."

"डीव्हीडीत काय आहे?"

"आमची मंडळी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "चित्र की ध्वनी?"

"दोन्ही."

"दोन्ही कसं चालेल? चित्र असेल तर ही खिडकी. ध्वनी असेल तर पलीकडची."

पलीकडच्या खिडकीतल्या गृहस्थांना चित्र असल्याचा संशय आला. त्यांनी मला परत अलीकडे पाठवलं. अलीकडच्या बाई म्हणाल्या, मोठ्या साहेबांना विचारा. मोठे साहेब जेवायला गेले होते. जेवून आल्यावर त्यांनी पाकीट कानाशी धरून हलवून पाहिलं. ते वाजत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी चित्राच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

आणि मग एके दिवशी लेकीचा फोन आला.

"बाबा, मामा अडकलाय."

"कुठे?"

"जिन्यात. फ्रिज घेऊन."

"अगं, तो तेव्हाही अडकला होता. निघतो पुढे."

"तसा नाही रे बाबा! चित्रच अडकलंय. जरा चालतं, थांबतं, परत चालतं. आवाजाचेही तुकडे पडतायत. आई म्हणते, दादाला धाप लागलेली बघवत नाही."

मग जावई फोनवर आले. "बाबा, तुमची डिस्क उत्तमच असणार. आमचाच प्लेअर साधा आहे हो, त्याला झेपत नसेल." जावयाने कमीपणा स्वतःकडे घेतला की सासऱ्याला तो दुप्पट लागतो. मी पुढचा भात करपवला.

ऑफिस सुटल्यावर मी दुकानात गेलो. प्लेअर, केबली आणि कोऱ्या डिस्क विकणारा तो दुकानदार समजावून सांगायला तयार होता, फक्त त्याचं लक्ष माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे होतं.

"असं बघा, चित्र आणि आवाज दोघांनी एकाच दारातून बाहेर यायचं. तुम्ही आवाज न दाबता ठेवलात. म्हणजे तो पलंग आडवा धरून दारात उभा. तुमचा प्लेअर दांडगा आहे, तो रेटून नेतो. त्यांचा बिचारा गुदमरतो."

"मग काय करू?"

"नवीन प्लेअर घ्या."

"माझा चांगला चालतोय."

"त्यांना घेऊन द्या."

मी जागचा हलत नाही असं बघून तो नाइलाजाने म्हणाला, "नाहीतर मग दाबा आवाज. एमपेग करा. डोळे मिटून करा, जगात कुठेही चालतं."

मी अभिमान गिळला आणि एमपेग केलं. पोस्टात या वेळी शहाणपणाने सांगून टाकलं, की आत फक्त चित्र आहे. ते खरं निघेल याची मला कल्पना नव्हती.

"बाबा, मस्त चालतंय!" लेक फोनवर ओरडली. सगळे एकत्र बसले होते. "एकदाही अडकलं नाही!"

"आणि आवाज?"

"आवाज नाही येत. पण चालतंय ना छान!"

"अजिबात येत नाही?"

"अहो, नसला तर नसला," मागून बायकोचा आवाज आला. "सगळे दिसतायत की. बया टाळ्या वाजवतेय. आता त्याला परत हात लावू नका. झालंय ते छान झालंय."

मी "बरं" म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र मला चैन पडेना. तेव्हा मी स्वतःची समजूत अशी घातली, की हा कामाच्या नीटनेटकेपणाचा प्रश्न आहे. नकाशात नदी काढली आणि तिला पाणी दाखवलं नाही, तर तो नकाशा मी सही करून पुढे पाठवतो का? नाही. मग हीच डिस्क कशी पाठवून सोडून द्यायची? असं बरंच काही मी चहा करताना मोठ्याने बोललो. मला पटलं.

योगायोगाने तज्ज्ञांकडे जावयांच्या प्लेअरच्याच जातीचा, स्वस्तातला प्लेअर होता. मी डिस्क घेऊन त्यांच्याकडे गेलो. चित्र लखलखीत आणि घरात चिडीचूप, तिकडच्यासारखंच. मला तेवढंच बघायचं होतं, पण तज्ज्ञांच्या पत्नी पदर खोचून समोर बसल्या आणि आवडीने बघायला लागल्या.

"ही मुलगी का तुमची? अगदी आईवर गेलीय हो. आणि हे फ्रिजवाले?"

"मेहुणा."

"त्यांना कोणी हात का लावत नाही?"

"सगळे सूचना देतायत."

"आणि ह्या वहिनी, किती बारीक होत्या तेव्हा! सगळे छान आलेत. तुम्ही कुठे आहात पण?"

"मी कॅमेऱ्यामागे."

"आणि त्या सायकलच्या वेळी?"

"मागेच."

"समुद्रावर?"

"कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिला असता तर पाण्यात पडला असता."

"अगंबाई, म्हणजे कुठेच नाही?"

"आहे ना!" माझा आवाज जरा चढला. "बोलतोय ना मी! पहिल्यापासून शेवटपर्यंत मीच बोलतोय. इकडे बघा, तिकडे सरका, हसा, सगळं मीच. या प्लेअरवर ऐकू येत नाहीये, एवढंच."

तज्ज्ञांनी विचार केला. पडद्यावर आमची सगळी मंडळी एका ओळीत उभी राहून, कुणाच्या तरी सांगण्यावरून, एकदम हसली.

"म्हणजे एकूण," तज्ज्ञ म्हणाले, "तुम्ही नाहीच."

त्यांच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता. विम्याचा दावा नामंजूर करावा, तसे ते शांतपणे म्हणाले. मी डिस्क काढून घेतली, चहाला नको म्हटलं आणि समोरच्या माझ्या दारात येऊन किल्ली शोधत उभा राहिलो.

तेव्हा मला कळलं, की नीटनेटकेपणाचा काही संबंध नव्हता. मला वाईट वाटलं होतं. तिकडे बया त्या डिस्कवरून एकेका माणसाला ओळखायला शिकणार. हा मामा, ही आजी, ही सायकलवर आपली आई. माझ्याकडे बोट दाखवायला तिला जागाच नव्हती. तिच्या लेखी आजोबा म्हणजे रोज आजीच्या कानाला लागणारा आणि तिला भाताबद्दल सांगणारा फोन. ते एक वेळ ठीक आहे, ती लहान आहे. पण बायको म्हणाली होती, सगळे दिसतायत. सगळे! ती ते बघत बसली होती आणि तिला कोणी कमी असल्यासारखं वाटलं नाही. मला रडू यायला लागलं. एकट्या घरात रडायला तशी कोणाची आडकाठी नसते, पण चांगला पिकल्या केसांचा माणूस एमपेगपायी रडतो, हे काही बरोबर दिसेना. म्हणून मी भांडी घासली. स्वच्छ होती तीसुद्धा घासली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तज्ज्ञांच्या दारात.

"तुमच्याकडे सिनेमाच्या विकतच्या डिस्क आहेत ना? त्यांचा आवाज येतो?"

"खणखणीत!"

"दाखवा बघू."

मी त्यांच्या शोकेसमधल्या सगळ्या डिस्क काढल्या आणि खिडकीशी उभा राहून वेष्टनांची मागची बाजू वाचायला लागलो. तज्ज्ञांना वाटलं, मी सिनेमा निवडतोय. एकेका वेष्टनावर अगदी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, एकच गोष्ट लिहिली होती: एसी-थ्री. मारामारीचा सिनेमा असो, रडण्याचा असो, आवाज एसी-थ्री. म्हणजे हा प्लेअर बहिरा नव्हता. त्याला तेवढी एक भाषा कळत होती, आणि नेमकी तीच मी पहिल्या दिवशी बाणेदारपणे नाकारली होती. दाबलेला आवाज कमी जागा घेतो, त्यामुळे चित्राला दारातून यायला वाट मिळते, आणि अडकण्याचाही प्रश्न उरत नाही. कानाला जे जाणवत नाही, तेवढंच काढून टाकतात. ठीक आहे म्हटलं. घरात माझ्या बोलण्याचं आजवर तेच होत आलंय.

पण आता मी दोनदा पोळलेला माणूस. तज्ज्ञांचा प्लेअर त्यांच्या भरपूर सूचनांसह उसना आणला आणि नवी डिस्क त्याच्यावर लावली. आवाज आला! मी तो वाढवून पाहिला. आणखी वाढवला. स्वयंपाकघरातून ऐकला, न्हाणीघरातून ऐकला. सुट्टीचा अख्खा दिवस मी फ्रिज वर चढवत होतो. संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. बाहेर आमच्या गृहसंस्थेचे सचिव उभे होते.

"पाहुणे आलेत का?" त्यांनी मान वाकडी करून आत पाहिलं.

"नाही हो."

"तसं नाही, आले तरी हरकत नाही. फक्त राहणार असले तर संस्थेला कळवायचं असतं."

"अहो, कोणी नाहीये."

आतून मी ओरडलो, "हसा! हसा म्हणतोय ना! काय ते तोंड पाडून उभे राहिलेत!"

सचिवांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते बंद होतं.

"आणि बाईमाणसाचाही आवाज आला," ते हळूच म्हणाले.

"ती माझी बायको."

"वहिनी आल्या? वा वा! कधी आल्या?"

"आली नाहीये. ती लेकीकडेच आहे."

आता ते आत येऊन बसलेच. मी त्यांना टेपा दाखवल्या, केबल दाखवली, टेबलफॅन दाखवला. त्यांना ते पटलं, पण खालच्या मजल्यावरून रीतसर तक्रार आली होती, आणि तक्रार आली की फायलीत काहीतरी लागतं. "दोन ओळी लिहून द्या," ते म्हणाले, "की कोणी आलेलं नाही." मी कागद घेतला आणि लिहिलं: माझ्या घरी कोणीही आलेलं नाही व नजीकच्या काळात कोणी येण्याची शक्यता नाही. सही करण्याआधी सवयीने एकदा वाचून पाहिलं. मग जरा वेळ पेन उघडं तसंच धरून बसलो. सचिव म्हणाले, "छान लिहिलंत, मुद्देसूद," आणि कागद खिशात घालून गेले.

पोस्टातल्या बाईंनी आता मला ओळखलं.

"परत? चित्र ना?"

"ध्वनी," मी ठासून सांगितलं.

"मागच्या वेळी चित्र होतं."

"चित्र आहे. पण त्याला महत्त्व नाही."

मोठ्या साहेबांनी पाकीट कानाशी धरून हलवलं आणि चित्राच्या खिडकीकडे बोट दाखवलं. त्या खात्यात माझ्या शब्दावर कोणाचाच भरवसा नव्हता.

त्यानंतर मी वाट बघायला लागलो. बायकोचा फोन रोज येत होता. जेवलात का, काय केलंत, परत भात? डिस्कबद्दल चकार शब्द नाही. मीही विचारलं नाही. माणसाला काही मान असतो. त्यातून परत हात लावू नका असं बजावलेलं असताना मी तिसरी डिस्क धाडलेली, तेव्हा विचारणार तरी कुठल्या तोंडाने? शेवटी न राहवून जावयांना त्यांच्या ऑफिसात फोन केला. "हो, आली की बाबा, केव्हाच आली," ते म्हणाले आणि त्यांना कोणीतरी हाक मारली. केव्हाच आली. म्हणजे लावली असणार. आवाज आला असणार किंवा आला नसणार, आणि दोन्हीने कोणाला काही फरक पडला नसणार. टेपा मी पुन्हा वरच्या खणात ठेवल्या. केबल गुंडाळली. टेबलफॅन माझ्याकडे वळवला, तर त्याचा वारा अंगाला झोंबायला लागला. त्या आठवड्यात मी ऑफिसात उशिरापर्यंत बसत होतो. साहेब म्हणाले, तुमची कामाची उमेद वाखाणण्याजोगी आहे.

मग एकदा ऑफिसातली वीज गेली आणि आम्हाला दुपारीच घरी सोडलं. भर दुपारी घरात काय करायचं ते मला ठरवता येईना. म्हणून बायकोला फोन लावला. या वेळी मी कधी फोन करत नाही.

"काय झालं?" ती घाबरून म्हणाली. "बरं आहे ना?"

"बरंय. वीज गेली ऑफिसची. तुझ्याकडे कोण आलंय?"

"कुठे कोण आलंय?"

"कोणीतरी बोलतंय. मोठ्याने."

"तुम्हीच," ती म्हणाली. "तुमची ती डिस्क लावलीये."

मी खुर्चीत बसलो. "आवाज येतोय?"

"येतोय म्हणजे! घर डोक्यावर घेतलंय तुम्ही."

"बया बघतेय का?"

"ती झोपलीये आतल्या खोलीत."

"मग तू बघतेयस?"

"मला कुठला वेळ? मी ओट्याशी आहे. इथून टीव्ही दिसतसुद्धा नाही."

"मग बंद कर की. उगाच वीज जळते."

भांड्यात पळी फिरल्याचा आवाज आला.

"असू दे हो," ती म्हणाली. "ही दोघं दिवसभर कामावर. ही झोपली की घर अगदी खायला उठतं. मी लावून ठेवते आणि कामाला लागते. कोणीतरी कुरकुरत असलं की हात चालतो."

"रोज लावतेस?"

"मग काय! सांगितलं नाही का मी? अगंबाई, दूध! थांबा हं."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मी थांबलो. दूध उतरवलं असावं. भांडं सरकलं, नळ सुटला, नळ बंद झाला. लांबून मी बोलत होतो, बराच तरुण आणि बराच वैतागलेला.

"कॅमेऱ्याचं टोपण कोणी घेतलं? इथेच ठेवलं होतं मी."

"खिशात बघा," ओट्याशी काम करता करता बायको म्हणाली.

"सगळीकडे बघून झालं! एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

"शर्टाच्या नव्हे, पँटच्या."

तिकडे जरा वेळ गेला. पायरीवर फ्रिज टेकल्याचा दणका ऐकू आला.

"हां," मी म्हणालो. "सापडलं."

"बघा!" बायको म्हणाली आणि हसली. "उगाच सगळ्या घराला कामाला लावायचं."

मी फोन कानाला घट्ट धरून बसलो होतो. तिला माझी आठवण राहिली नव्हती. मोठ्याने हाक मारली असती, तर तिला ऐकू गेलं असतं. मी मारली नाही. त्यांचं छान चाललं होतं.